सौम्य काडतूस, नेमका नेम: हरणाच्या शिकारीसाठी ७×५७

नोव्हेंबर लागला की अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, टेक्सास अशा राज्यांत हरणाच्या शिकारीचा हंगाम रंगात येतो. तिथं स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी एखाद्याला ऑफिसातला सहकारी किंवा शेजारी विचारतो, ‘येणार का यंदा?’ मग लायसन्स, सुरक्षिततेचा कोर्स आणि त्यानंतर रायफल कुठली, काडतूस कुठलं, हा प्रश्न उभा राहतो. दुकानात गेलं की बहुतेक वेळा काहीतरी जोरदार पुढं केलं जातं. माझं मत उलटं आहे. नवख्या माणसानं, आणि खरं तर बहुतेक सगळ्यांनीच, खांद्याला सोसेल असं सौम्य काडतूस घ्यावं. शंभर-सव्वाशे वर्षं वापरात मुरलेली अशी काडतुसं आहेत आणि हरणासाठी ती पुरून उरतात.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे हरणाची शिकार हा गंभीर गुन्हा आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हाही गुन्हा आहे. पुढचं सगळं जिथं हे कायदेशीर आहे तिथलं आहे.

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली छोटी टोपी म्हणजे प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की पिन प्रायमरवर आदळते, ठिणगी दारूला लागते, दारू जळून वायू होतो आणि त्याच्या दाबानं गोळी नळीतून सुटते. या लेखात गोळी म्हणजे फक्त तो उडून जाणारा भाग. गोळीचं आणि दारूचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. साधारण साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे १४० ग्रेनची गोळी नऊ ग्रॅमची असते. ७×५७ म्हणजे सात मिलिमीटरची नळी आणि ५७ मिलिमीटर लांबीची पुंगळी. .३०-०६ मध्ये पहिला आकडा इंचातला व्यास आणि दुसरा १९०६ हे साल. नावांमध्ये एकच एक पद्धत नाही, त्यामुळे नावावरून जोराचा अंदाज बांधू नये.

आता धक्क्याबद्दल. गोळी पुढं जाते तशी रायफल मागं येते. किती जोरात, हे गोळीचं वजन, तिचा वेग, दारूचं वजन आणि रायफलीचं वजन यांवर ठरतं. आठ पौंडी रायफलीतून .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी उडवली तर धक्क्याची ऊर्जा २० ते २२ फूट-पौंड भरते. .३०० विंचेस्टर मॅग्नम असेल तर ३० च्या घरात. त्याच वजनाच्या रायफलीतून ७×५७ ची १४० ग्रेनची गोळी सोडली तर हा आकडा १३ च्या आसपास राहतो. कागदावर हा फरक किरकोळ वाटेल, पण वीस राउंड झाल्यावर तो खांदा आणि मन दोघांनाही चांगलाच कळतो.

खांदा दुखला तर दोन दिवसांत बरा होतो. मनाला लागलेली सवय लवकर सुटत नाही. धक्का आणि आवाज येणार हे शरीराला ठाऊक झालं की चाप ओढण्याच्या ऐन क्षणी माणूस बिचकतो. डोळे मिटतात, खांदा पुढं रेटला जातो, बोट चापाला हिसका देतं. त्याला स्वतःला हे कळत नाही, कारण लगेच आवाज होतो आणि सगळं त्यात झाकलं जातं. रेंजवर हे उघडं करण्याची एक जुनी पद्धत आहे. सोबतच्या माणसानं रायफल भरून द्यायची. कधी खरं काडतूस, कधी दारू आणि प्रायमर नसलेलं निकामी काडतूस. नेम धरणाऱ्याला कुठलं आहे ते ठाऊक नसतं. निकामी असेल तर चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज होतो, आणि नळीचं टोक दोन बोटं खाली गेलेलं आजूबाजूच्या सगळ्यांना दिसतं. वर्षानुवर्षं शिकार केलेली माणसंही यात सापडतात. ज्याला हे एकदा दिसलं, त्याला सौम्य काडतुसाचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

हरणाच्या बाजूनं पाहिलं तर हा मुद्दा आणखी महत्त्वाचा होतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसं यांची जागा साधारण आठ इंच व्यासाची असते. गोळी तिथं लागली तर जनावर काही सेकंदांत पडतं, फार तर शे-दीडशे यार्ड धावतं. (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडा कमी.) तीच गोळी दीड वीत मागं, पोटात लागली तर ते तासन्‌तास तडफडत फिरतं आणि पुष्कळदा सापडतही नाही. मोठ्या काडतुसानं पोटात लागलेली गोळी छातीत लागल्यासारखी होत नाही. जोर जास्त म्हणजे चूक माफ, हा समज शिकारीतला सगळ्यात क्रूर समज आहे असं मला वाटतं, कारण त्याची किंमत जनावर मोजतं.

मग हरणाला पुरेसं म्हणजे किती? कायदा काय म्हणतो ते पाहता येईल. जर्मनीत लाल हरणासारख्या मोठ्या जनावरासाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि १०० मीटरवर किमान २,००० जूल ऊर्जा लागते; छोट्या रो हरणासाठी १,००० जूल पुरतात. ७×५७ ची १४० ग्रेनची गोळी सेकंदाला २,६६० फुटांनी निघाली तर १०० मीटरवर तिच्यात अडीच हजार जूलच्या आसपास ऊर्जा उरलेली असते. लाल हरीण पांढऱ्या शेपटीच्या हरणापेक्षा पुष्कळ मोठं. म्हणजे आपल्या कामाला इथं भरपूर शिल्लक आहे.

या काडतुसाचा इतिहास मला विशेष आवडतो, आणि तो आपल्या देशालाही येऊन भिडतो. जर्मनीत माउझर कंपनीनं ते १८९२ मध्ये तयार केलं आणि पुढच्याच वर्षी स्पेननं आपल्या सैन्यासाठी घेतलं. १८९८ मध्ये क्युबात सान हुआनच्या टेकड्यांवर मूठभर स्पॅनिश सैनिकांनी याच काडतुसाच्या माउझर रायफलींनी कितीतरी मोठ्या अमेरिकी फौजेला जड नुकसान सोसायला लावलं. दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांच्या हातात हीच रायफल होती आणि ब्रिटिशांनी तिची धास्ती घेतली. मग लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीनं तेच काडतूस .२७५ रिग्बी या नावानं शिकाऱ्यांना विकलं. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी जिम कॉर्बेट यांना जी रायफल भेट दिली, ती .२७५ रिग्बी. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या कॉर्बेटनी .२७५ नंच मारला. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्यानं याच काडतुसाच्या लांब, टणक गोळ्यांनी शेकडो हत्ती मारले. ते वाचून आज अंगावर काटा येतो, आणि कुणी त्यातून ‘हे हत्तीलाही चालतं’ असा धडा घेऊ नये. बेलला जनावराच्या शरीराची आतून बाहेरून माहिती होती आणि त्याची गोळी जिथं जायला हवी तिथंच जायची. काडतूस सौम्य असल्यामुळे त्याला ते साधलं, एवढंच त्यातून घेण्यासारखं.

या घराण्यात आणि आसपास इतर काडतुसंही आहेत. स्वीडन-नॉर्वेचं १८९४ चं ६.५×५५ हे माझ्या मते ७×५७ च्या खांद्याला खांदा लावून उभं आहे. बारीक आणि लांब गोळी खोल जाते, म्हणून स्वीडनमध्ये ते एल्कसारख्या (अमेरिकेत ज्याला मूस म्हणतात त्या) अवाढव्य जनावरालाही चालतं. तिथल्या नियमात दहा ग्रॅमच्या जड गोळीला १०० मीटरवर २,००० जूल पुरतात, नऊ ग्रॅमच्या गोळीला मात्र २,७०० लागतात. वजनाला दिलेलं हे श्रेय लक्षात ठेवण्यासारखं आहे. ७×५७ ची मान आवळून बनवलेलं .२५७ रॉबर्ट्‌स रेमिंग्टननं १९३४ मध्ये बाजारात आणलं. धक्का आणखी कमी, हरणासाठी उत्तम, पण तयार काडतुसं शोधावी लागतात. १८९५ चं .३०-३० दाट जंगलात दीडशे यार्डांपर्यंत आजही चोख काम करतं. आणि जुन्याचा सोस नसेल, हाताशी कोपऱ्यावरचं दुकानच असेल, तर १९८० चं ७ एमएम-०८ घ्या. पुंगळी आखूड, दाब जास्त, पण जंगलात त्याच्यात आणि ७×५७ मध्ये हरणाला फरक कळणार नाही.

तरीही मी ७×५७ कडे झुकतो, आणि त्याचं कारण घरी काडतूस भरणं, म्हणजे हँडलोडिंग.

अमेरिकी कारखान्यांची तयार ७×५७ काडतुसं मुद्दाम मवाळ भरलेली असतात. तिथल्या सामी या मानक ठरवणाऱ्या संस्थेनं या काडतुसासाठी दाबाची मर्यादा चौरस इंचाला ५१,००० पौंड ठेवली आहे. ७ एमएम-०८ ला ६१,००० आहे. कारण असं की १८९३ आणि १८९५ च्या जुन्या माउझर रायफली आजही लोकांच्या कपाटात आहेत. त्यांचं पोलाद मऊ, आणि १८९८ च्या मॉडेलमध्ये आलेला बोल्टचा, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याचा, तिसरा, सुरक्षेचा खटका त्यांत नाही. युरोपातली मर्यादा याहून वरची आहे, म्हणून जुन्या रायफलीत युरोपी काडतूस घालण्याआधी बंदूक-कारागिराकडून ती तपासून घ्यावी. आधुनिक, मजबूत रायफल असेल तर हँडलोडिंगच्या मॅन्युअलमध्ये तिच्यासाठी वेगळे आकडे असतात.

हँडलोडिंगमुळे हाती येतं ते असं: आपल्या रायफलीला, आपल्या अंतराला आणि आपल्या खांद्याला जुळेल असं काडतूस. जुन्या लष्करी रायफलींच्या नळीचा सुरुवातीचा भाग १७३ ग्रेनच्या लांब गोळीसाठी खोल कापलेला असतो. त्यामुळे छोटी गोळी रायफलिंगच्या, म्हणजे नळीत आतून कापलेल्या, आट्यांना भिडण्याआधी मोकळी उडी मारते आणि कधी कधी गोळ्या विखुरतात. मॅगझीनमध्ये मावेल इतपत गोळी थोडी पुढं बसवून हे सुधारता येतं. तयार काडतुसात ही सोय नाही.

टेबलावर बसल्यावर पहिलं काम पुंगळ्या पाहण्याचं. झाडलेली पुंगळी साफ करून उजेडात फिरवायची. बुडापासून थोडं वर, सगळीकडून चकचकीत अशी कडी दिसली तर संशय घ्यायचा, कारण पितळ तिथं ताणून पातळ होत असतं. मग कागदाची पिन सरळ करायची, तिचं टोक जरासं वाकवायचं आणि पुंगळीच्या आतून भिंतीवर वर-खाली फिरवायचं. आत खाच असेल तर टोक तिथं अडखळतं, बोटाला स्पष्ट कळतं. ती पुंगळी फेकून द्यायची. पुढच्या बाराला ती चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसतं त्या भागात, दुभंगू शकते आणि तापलेला वायू मागं, तोंडाच्या दिशेनं येऊ शकतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण यात घाई करणारा माणूस हँडलोडिंगला योग्य नाही असं मी बेधडक म्हणेन.

मग पुंगळीला किंचित तेलकट करून साच्यात दाबून मूळ मापावर आणायचं. तेल जास्त झालं तर तिच्या खांद्याला, म्हणजे मानेखालच्या उताराला, खळगे पडतात. लांबी वाढली असेल तर छाटायची. नवा प्रायमर बुडाच्या पातळीत किंवा केसभर आत बसवायचा, वर आलेला चालत नाही. नंतर दारू, ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलून. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा, बाकीचे कपाटात. फोन दुसऱ्या खोलीत. सगळ्या पुंगळ्या दारूनं भरून ठोकळ्यात उभ्या केल्या की गोळ्या बसवण्याआधी टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकवायचं. सगळीकडे दारू एकाच पातळीला दिसली पाहिजे. एखाद्या पुंगळीत ती चुकून दोनदा पडली असेल तर ते फक्त इथंच पकडता येतं.

दारू किती भरायची, याचे आकडे मी मुद्दाम देत नाही. ते गोळीचा ब्रँड, वजन आणि दारूची जात यांनुसार बदलतात. हॉर्नडी, नॉस्लर, लायमन किंवा हॉजडन या कंपन्यांच्या मॅन्युअलच्या चालू आवृत्तीतून ते स्वतः वाचून घ्यावेत. रीत मात्र सांगता येते. कमाल आकड्याच्या दहा टक्के खालून सुरुवात करायची, अर्ध्या-अर्ध्या ग्रेननं वर जायचं आणि प्रत्येक पायरीला रायफल काय सांगते ते पाहायचं. बोल्ट उघडायला जड जातोय, प्रायमर चपटा होऊन कडेपर्यंत पसरलाय, पुंगळीच्या बुडावर चकाकणारा ठसा उमटलाय, यांतलं काहीही दिसलं तर थांबून खाली यायचं. वेग मोजणारा क्रोनोग्राफ आता फार महाग राहिलेला नाही, तो जरूर घ्यावा. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्यापेक्षा वेग जास्त भरला तर दाबही जास्तच आहे, मग पुंगळी कितीही निर्दोष दिसो.

आणि मुख्य म्हणजे, वर जाणं हा या खटाटोपाचा हेतूच नाही. बहुतेकदा लक्ष्यावर सगळ्यात नीट गठ्ठ्यात, एकमेकींजवळ बसणाऱ्या गोळ्या कमाल आकड्याच्या बऱ्याच खाली सापडतात. ७×५७ मध्ये १४० ग्रेनची गोळी सेकंदाला २,६०० ते २,७०० फुटांत आली की माझ्या दृष्टीनं काम झालं. शंभर फूट वाढवण्यासाठी पुंगळ्यांचं आयुष्य आणि खांद्याचं सुख घालवण्यात काही अर्थ नाही.

घरात कुणी नव्यानं शिकत असेल, मुलगी, मुलगा किंवा हाडानं नाजूक माणूस, तर आणखी खाली उतरता येतं. हॉजडन कंपनीनं आपल्या एच४८९५ या दारूसाठी स्वतःच एक नियम दिला आहे: त्या गोळीसाठी मॅन्युअलमध्ये एच४८९५ चा जो कमाल आकडा आहे त्याच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली जाता येतं, त्याखाली नाही. हा नियम त्याच दारूचा आहे. मंद जळणारी दुसरी कुठलीही दारू अशी अर्धवट भरली तर दाब कमी होण्याऐवजी अचानक भडकू शकतो. नावात ४८९५ असलेली दुसऱ्या कंपनीची दारूही वेगळीच समजावी. सरावासाठी अगदी हलकं काडतूस आणि शिकारीसाठी त्याहून थोडं वरचं, अशी दोन करावीत, पण शिकारीच्या काडतुसाचं अंतर शंभर-सव्वाशे यार्डांत बांधून ठेवावं.

गोळीची निवड करताना सौम्य वेगाचा एक फायदा पदरात पडतो. हरणासाठीची गोळी आत शिरल्यावर पुढून फुलून रुंद झाली पाहिजे आणि तरीही पार गेली पाहिजे. फार वेगवान काडतुसात साधी, शिशाच्या गाभ्याची गोळी जवळच्या अंतरावर फुटून विखुरते, आणि खांद्याचं मांस रक्ताळून फुकट जातं. म्हणून तिथं महागड्या, पक्क्या गोळ्या लागतात. नॉस्लरची दोन कप्प्यांची पार्टिशन गोळी १९४० च्या दशकात याच अडचणीतून जन्मली. ७×५७ च्या वेगाला मात्र साधी, मऊ टोकाची १३९-१४० ग्रेनची गोळी अगदी जुळते. स्वस्तही पडते आणि मांस वाचतं.

तांब्याच्या अखंड गोळ्यांचं गणित वेगळं आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे, कारण जंगलात टाकलेल्या आतड्यांतलं शिसं खाऊन कॉन्डोर ही गिधाडं मरत होती. बंदी नसली तरी मला तांबं पटतं, विशेषतः तेच मांस घरातल्या मुलांच्या ताटात जाणार असेल तर. पण तांबं टणक असतं आणि फुलायला वेग मागतं; पुष्कळ गोळ्यांना लक्ष्याशी किमान सेकंदाला १,८०० ते २,००० फूट लागतात. म्हणून सौम्य काडतुसात तांब्याची गोळी एक पायरी हलकी, १२० ग्रेनच्या आसपासची घ्यावी, आणि किमान वेग बनवणाऱ्याच्या माहितीत तपासावा.

गोळी ठरली, दारू ठरली, की दोनशे यार्डांवर नेम जुळवून घ्यावा. मग १४० ग्रेनची टोकदार गोळी शंभर यार्डांवर साधारण दोन इंच वर लागते आणि तीनशेवर आठेक इंच खाली. म्हणजे दोनशेपर्यंत छातीच्या मधोमध नेम धरला की पुरे, काही आकडेमोड लागत नाही. पुढं वारा आणि अंतराचा अंदाज दोन्ही चुकू लागतात; नवख्यानं तिथं जाऊच नये असं मी म्हणेन. दुर्बिणीतून हरीण मोठं दिसतं म्हणून ते जवळ येत नाही.

टेबलावर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून काढलेला सुंदर गठ्ठा काडतुसाची परीक्षा घेतो, आपली नाही. नेम जुळला की टेबल सोडावं आणि जंगलात जसं असेल तसं बसून, गुडघा टेकून, काठीच्या आधारानं सराव करावा. आठ इंची कागदी ताटली लावावी आणि ज्या अंतरावर पाचही गोळ्या तिच्यात बसतात, तेच या हंगामाचं आपलं अंतर. सौम्य काडतुसाचा सगळ्यात मोठा लाभ इथं दिसतो: सकाळभर सराव केला तरी शेवटची गोळी पहिलीइतकीच शांतपणे सुटते. शिकारीत मात्र पहिली गोळी थंड नळीतून जाते, म्हणून हंगामाच्या आधीच्या आठवड्यात रोज सकाळी एकच गोळी, थंड नळीतून, त्याच ताटलीवर टाकून पाहावी. आणि डबा बंद करताना त्यावर चिठ्ठी चिकटवावी: कुठली गोळी, कुठली दारू, किती ग्रेन, तारीख, आणि कुठल्या रायफलीसाठी.